सगळ्यांचा आवाज सारखा

प्रिय शेंडेफळास,

आईच्या पंच्याहत्तरीची फिल्म तुला आवडली म्हणतेस, बरं वाटलं. तीन आठवडे खपले त्यावर. बेचाळीस जणांनी आपापल्या फोनवर शुभेच्छा बोलून पाठवल्या आणि एकाचा आवाज दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. मामा ओरडतायत, मावशी पुटपुटतेय, आतेभावाच्या मागे मिक्सर चालू. शेवटी कॉम्प्युटरवर सगळे तुकडे एकदम निवडून आवाज एका पातळीवर आणला, मग हेडफोन लावून एकेकाचा थोडा वर, थोडा खाली. माझा स्वतःचा तुकडा सात वेळा ऐकला. खणखणीत झाला होता.

तुझा ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. दीड मिनिट बोललीस, वर रडलीसही. अगं, आईच्या गुडघ्यांना रोज तेल मी लावते, दवाखान्यात नंबर लावून मी बसते, आणि घरी कुणी आलं की ही बाई सांगते काय, तर धाकटीचा फोन आला होता. तुझ्या रविवारच्या दहा मिनिटांवर तिचा अख्खा आठवडा निघतो. माझ्याशी ती फक्त गोळ्यांबद्दल बोलते. जळते मी तुझ्यावर, सरळच लिहिते.

कार्यक्रमात माझा तुकडा लागला तेव्हा आई शेजारच्या काकूंना विचारत होती, सगळ्यांना चहा मिळाला ना. मग तुझा लागला. नीट ऐकू येईना, तशी तिने हात वर करून अख्ख्या हॉलला गप्प केलं, मलाच खुर्ची पडद्याजवळ ओढायला लावली आणि कानामागे हात धरून बसली. साठ माणसं चिडीचूप. संपल्यावर म्हणाली, पुन्हा लाव. मी लावला.

काल तुझा मेसेज आला. ताई, माझ्या फोनने घोळ घातला, तुझी मेहनत वाया गेली, नवा फोन घेऊन परत बोलून पाठवते. तीनदा माफी मागितलीस. म्हणून हे पत्र. फोन घेऊ नकोस. तुझा आवाज स्वच्छ आला होता, माझ्यापेक्षाही. बेचाळीस तुकड्यांपैकी तेवढा एकच मी मुद्दाम खाली ओढला.

तुझीच, अजूनही थोडी जळणारी,
ताई