तपासणारीचं नाव

मढ कोळीवाडा, मालाड (पश्चिम)
रविवार

प्रिय संघमित्रा,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. मी असते तर फाडूनच टाकलं असतं, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. आधी मेल लिहायला घेतला होता. पण मेलमध्ये मी एकेक वाक्य चारदा पुसते आणि शेवटी सोसायटीच्या नोटिशीसारखं काहीतरी गुळगुळीत उरतं. म्हणून बाबांच्या वहीतली पानं फाडून घेतली आहेत. खाडाखोड दिसेल, ती तशीच वाच.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून दिवसभर ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर रुबाब करतात. तुझी चौकशी करतात. घाटकोपरची पोरगी हल्ली दिसत नाही, म्हणतात. तुला कामं असतात असं मी सांगते. खोटं बोलायची सवय लागली की घरच्यांनाही सोडत नाही बघ. केतन मात्र आहे तसाच आहे, मुलुंडहून दर शनिवारी प्रोजेक्टमधल्या सगळ्यांना व्हिडिओवर गोळा करतो आणि पहिली दहा मिनिटं स्वतःचाच माइक सुरू करण्यात घालवतो. 'उधाण' चालू आहे. पवईच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये आपण दोघींनी ज्याची पहिली ओळ लिहिली, छोट्या होड्यांना फुकटात भरती-ओहोटी आणि वारा सांगणारं ते आपलं ॲप आता अर्नाळ्यापर्यंत वापरतात. हे तुला कळायला हवं, कारण निम्मं ते तुझं आहे. निम्म्याहून जास्तच.

आता मूळ गोष्टीकडे येते, नाहीतर मी बाबांच्या चष्म्यावरच दोन पानं भरीन.

समुद्रात रेंज गेली तरी ॲपनं भरतीची वेळ सांगावी म्हणून मी बाबांची पद्धत कोडमध्ये घातली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर सहा वाजता. आमच्याकडे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि मला त्याचा काय तो माज! आपला नियम होता की एकीनं लिहिलेला कोड दुसरीनं तपासायचा आणि तिनं होकार दिल्याशिवाय तो ॲपमध्ये जाणार नाही. तू तपासलास. खाली टिपण लिहिलंस की मी तिथी घेतच नाहीये, अमावास्येपासून नुसते दिवस मोजते आहे. मग कॅलेंडरमध्ये एकच तिथी लागोपाठ दोन दिवस आली तर तिथून पुढचा हिशेब पाऊण तास चुकणार नाही का? किती साधा प्रश्न होता गं. बाबा कॅलेंडर बघून तिथी घ्यायचे, मी बोटांवर दिवस मोजले होते. तू परभणीकडच्या माणसांची, पाचवीत असताना जुहूला पहिल्यांदा समुद्र पाहिलेली, आणि तुला ते दिसलं. मला दिसलं नाही.

मी काय उत्तर दिलं ते इथे पूर्ण लिहिते, कारण ते लिहिताना मला लाज वाटायला हवी. मी लिहिलं, 'समुद्र आमचा आहे, तुमच्याकडे विहिरीला तरी पाणी असतं का? तू फक्त कोडचं बघ.' आणि तुझ्या होकाराची वाट न बघता स्वतःच मंजूर करून टाकलं. तू त्यावर काही लिहिलं नाहीस. ऑफिसात लोक तुला 'मूळच्या कुठल्या' विचारतात तेव्हा ते नेमकं काय विचारतात हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. तरी मी ते लिहिलं.

डिसेंबरात आपण कोड तपासायचं साधन बदलायला घेतलं. जुनं फार हळू चालायचं, ते खरंच होतं. तीन पर्याय होते आणि तुलना करायचं काम मी मागून घेतलं. सात रकान्यांचा तक्ता केला, आठवडाभर राबून. खर्च, शिकायला किती सोपं, फोनवर कसं दिसतं, मराठी अक्षरं तुटतात का, सगळं होतं त्यात. केतन म्हणाला, काय झकास काम केलंयस यार. तू दोन गोष्टी विचारल्यास, दुसऱ्याच्या होकाराशिवाय कोड आत जाणं ज्यात बंद करता येईल असं कुठलं आहे, आणि जुनी टिपणं नव्या जागी येतील का. पहिलीला मी म्हटलं, पाच माणसांच्या प्रोजेक्टला कशाला हवीत एवढी कुलपं? दुसरीला म्हटलं, येत नाहीत, तांत्रिक अडचण आहे. संघमित्रा, अडचण काही नव्हती. 'टिपणांसह' आणि 'फक्त कोड' असे दोन चौकोन होते. मी दुसऱ्यावर खूण केली. ते माझं विहिरीचं वाक्य कुणी पुन्हा वाचू नये, एवढ्याचसाठी मी तीन पर्याय, सात रकाने आणि तुम्हा चौघांची मतं असा सगळा देखावा उभा केला होता. नव्या साधनात प्रत्येक कोडसमोर तपासणाऱ्याचं नाव लागत होतं, रिकामं ठेवलं तर ते पुढे सरकेना. तिथे मी तुझं नाव टाकलं. खरं सांगते, तेव्हा मनात वाईट नव्हतं. कामाचा कंटाळा होता.

मार्चमध्ये कॅलेंडरात दोन चतुर्थ्या आल्या आणि रामनाथकाकांची होडी जेट्टीच्या अलीकडे चिखलात बसली. काका चाळीस वर्षं दर्यावर जातात, त्यांना तिथी काय मी सांगायची? पण कोळ्याच्या पोरीनं केलंय, बरोबरच असणार, म्हणून त्यांनी स्वतःचं डोकं बाजूला ठेवलं. रेंज नव्हती, ॲप सांगत होतं पाणी अजून आहे, आणि ओहोटी कधीच लागली होती. मासळी उन्हात खराब होईल म्हणून काकांच्या घरच्या पुतळाबाई काकी डोक्यावर पाटी घेऊन गुडघाभर चिखलात उतरल्या आणि घसरल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण मालाडच्या बाजारातली त्यांची बसायची जागा आता दुसरीकडे गेली.

त्यानंतरची मीटिंग तुला मी सांगायला नको, तरी सांगते. केतननं कोड उघडला, समोर लिहिलेलं होतं, तपासलं: संघमित्रा. तू म्हणालीस, मी हे विचारलं होतं, कल्पिता, आठवतं ना तुला? आणि मी कॅमेऱ्यात बघून म्हटलं, नाही गं, मला नाही आठवत. शब्दन् शब्द आठवत होता. तुझा चेहरा त्या छोट्याशा चौकटीत मला किती तरी वेळ दिसत राहिला, मग तू चौकट बंद केलीस ती पुन्हा उघडली नाहीस. त्याच आठवड्यात तुझी ती चेंबूरच्या कंपनीतली मुलाखत होती. त्यांनी 'उधाण'च्या पानावर त्या चुकीसमोर तुझं नाव वाचलं आणि तुला पुढे बोलावलं नाही, हे मला केतनकडून कळलं. मी 'अरेरे' म्हटलं.

जुन्या टिपणांची एक प्रत माझ्याकडे होती. काल ती सगळी नव्या जागी चढवली, माझ्या विहिरीच्या वाक्यासकट. तुझं नाव काढून तिथे माझं घातलं, वर काय घडलं ते लिहिलं आणि सगळ्यांना कळवलं. चेंबूरच्या त्या कंपनीलाही पाठवलं. उपयोग होईल की नाही, माहीत नाही. दुसऱ्याच्या होकाराशिवाय काहीच आत जाणार नाही अशी सोयही केतननं आता केली आहे आणि मंजुरीचे माझे अधिकार मी सोडले आहेत. हे वाचून तुला वाटेल, उशिरा का होईना, कल्पिताला शहाणपण आलं. तसं नाही. आपण होऊन मी हे जन्मात केलं नसतं.

काकींचं घर आमच्यापासून चार घरांवर आहे आणि तीन महिने मी मागच्या गल्लीनं जात होते. शुक्रवारी आईनं हातात डबा दिला, काकींना देऊन ये म्हणाली, तेव्हा इलाज नव्हता. काकी वॉकर धरून दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, तुझी ती घाटकोपरची मैत्रीण चांगली हाय गो. तेव्हा मला कळलं की तू दर पंधरा दिवसांनी वर्सोव्याहून खाडी ओलांडणाऱ्या तरीनं इथे येतेस, काकींना व्यायाम करून घेतेस आणि माझ्या घरावरून न जाता परत जातेस. पहिल्या दिवशी तू रडत त्यांचे पाय धरलेस आणि सांगितलंस की चूक तुझी होती, तपासणारीनं होकार न देता नुसतं गप्प बसायला नको होतं. माझं नाव घेतलं नाहीस. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि काकींना सगळं सांगितलं, विहिरीपासून चौकोनापर्यंत. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, चूक तुझी, मंग ती पोर कनाला रडत व्हती? तेच तुला विचारायला हे लिहिते आहे.

तुझीच म्हणवत नाही, तरी तुझीच,
कल्पिता