विजूचा नियम

सोलापूर,
रविवार

प्रिय विजू,

फोनवर अभिनंदन केलं तेव्हा माझा आवाज कोरडा वाटला असेल. सर्दी झालीय म्हणाले. सर्दी नव्हती गं. पोटात दुखत होतं.

तुझं नाव पेपरात आलं, त्या सकाळी आईनं ते पान माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. "सांगोल्याची पोरगी की ही! जगातली यंत्रं हिच्या नियमानं चालणार म्हणं. तू पण हेच काम करतीस की?" मी भाकरी मोडत राहिले. तू पुण्यात बसून यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम लिहितेस आणि मी इथे दवाखान्याच्या सर्व्हर-खोलीत ते नियम पाळणारी यंत्रं सांभाळते, हे तिला कसं सांगू?

खरं टोचतं ते वेगळंच. कॉलेजच्या लॅबमध्ये आपला सर्व्हर आणि माहिती साठवणारं डिस्कचं कपाट काही केल्या जोडली जात नव्हती, आठवतं? लॉगिन करताना दोन्ही यंत्रांनी आधी अटी ठरवायच्या असतात. एकानं विचारलं आणि दुसरं गप्प राहिलं, तर काय समजायचं? गप्प म्हणजे होकार नव्हे, हे नियमात स्पष्ट लिहायला हवं, असं मी म्हणत होते. तोवर ती कशीबशी जोडली गेली होती; तू हसलीस. "लई डोकं खातीस चंद्रे, चाललंय न्हवं?" आज तेच तुझ्या नियमांच्या मसुद्यात आहे आणि देशोदेशीचे लोक माना डोलावतायत. तू चोरलंस असं मी म्हणत नाही. तू त्यामागे लागलीस, परदेशातल्या लोकांशी भांडलीस. मी नाही लागले. सगळं कळतं मला. तरी जळते.

त्या जळफळाटातच तुझा मसुदा उघडला, चूक शोधायलाच. सापडली. तू लिहिलंयस, अट मान्य झाली नाही तर जोडणी तोडावी. पण आमचं एक्स-रे साठवणारं जुनं कपाट अनोळखी अटीला "हे मला कळलं नाही" असं रीतसर उत्तर देतं आणि मग जुन्याच पद्धतीनं कामाला लागतं. एका रिकाम्या सर्व्हरवर तुझा नियम चालवून पाहिला. कपाट जोडलंच गेलं नाही. अशी कपाटं किती दवाखान्यांत असतील! पेशंट टेबलावर आणि डॉक्टरांसमोर फोटोच नाही, असं व्हायचं.

हरकती घ्यायची मुदत संपत आलीय. सगळ्यांसमोर तुझं नाक कापलं जाईल अशी झणझणीत हरकत मी लिहिलीही होती. लिहिताना मजा आली, वाचताना आली नाही. पुसून टाकली. म्हणून हे पत्र, आधी तुला. चाचणीचे निकाल सोबत जोडलेत. "कळलं नाही" या उत्तराला नियमात वेगळी वाट दे आणि दुरुस्ती तूच मांड. फक्त तिच्याखाली तुझ्या नावाशेजारी माझंही नाव हवं. हक्कानं मागतेय. आज मागितलं नाही, तर तुझ्याशी पुन्हा कधी सरळ बोलता येणार नाही मला.

तुझीच, अजून जळणारी,
चंद्रिका