शाडूतली बोटं

मंगळवार, फेब्रुवारी १९५६. परळ, हॉस्पिटल.

डाव्या हातानं लिहितोय. उजव्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठी बसली, पण इथे सांगितलंय की चाळीच्या जिन्यावरून पडलो.

वॉर्डात एक बाई शाडू घेऊन येतात. "हवं ते करा, मन रमेल." शेजारच्या खाटेवरचे गोविंदमामा गणपती करतात. मी नुसता गोळा आवळतो, रागानं. आणि बाई नेमका माझाच गोळा फडक्यात गुंडाळून नेतात. का? बोटांचे ठसे? पोलिसांना तेच तर हवं असतं.

आज विचारलंच. "बाई, माझे ठसे कुणाला देता?"

त्या हसल्या नाहीत. पिशवीतून जुना गोळा काढून आजच्या गोळ्याशेजारी ठेवला. "गेल्या सोमवारी दोनच बोटं उमटली होती. आज मोजा."

चार!

"जोर येतोय हाताला," म्हणाल्या. मग हळूच, "जिना फार जोरात मारतो हो तुमचा."

म्हणजे यांना ठाऊक आहे. सांगतील? वहीत काय लिहितायत ते मान वाकडी करून वाचलं.

'जिन्यावरून पडले. चार बोटं.'