गोरी भिंगरी

प्रिय शिडे,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर केला म्हणून चिडली असशील, आणि चिडलीस की तू नाक फेंदारून भांडी आपटतेस हेही मला ठाऊक आहे. आपट खुशाल, पण आधी हे पूर्ण वाच. तुझ्या आईसाठी, आमच्या मावशींसाठी, तू भिंगरीचा फोटो मागितलास. 'तो नको, दुसरा असला तर बघ,' असं लिहिलंस आणि खाली एक ओळ लिहून खोडलीस. ती मी उजेडात धरून वाचली, माझी खोड काही गेलेली नाही. मावशींनी अंथरूण धरलंय, आणि डोळे मिटले की त्यांना भिंगरी हरवली तेव्हाच्या पोस्टरवरचीच मुलगी दिसते. 'ती गोरी येते, माझी येत नाही,' असं म्हणतात. आणि खोडलेल्या ओळीत होतं की तुलाही आता स्वतःच्या बहिणीचा चेहरा आठवत नाही. तेव्हापासून मी बाबांच्या जुन्या निगेटिव्हच्या पेट्यांत डोकं खुपसून बसले आहे.

गावात सध्या शिरगणती चालू आहे. मोजणीवर असलेली शाळेतली बाई चालून चालून बेजार झाली आणि आपल्या स्टुडिओच्या बाकावर टेकली. पाणी पिऊन म्हणाली, 'तुमचं गाव सोपं आहे हो. बहुतेक सगळे एकाच प्रकारचे.' म्हणजे वरच्या वस्तीतले. खाणीवरच्या लोकांची थोडी घरं, आणि काठावरच्यांपैकी एकटी शिंपीणआजी. घरात माणसं किती, असं विचारलं तर आजीने सगळ्या गल्लीची नावं सांगायला घेतली. बाईने थांबवलं, म्हणाली, आज इथे राहतात तेवढीच सांगा. तर आजी म्हणे, 'मग मला तरी कशाला लिहितेस?' मी हसले, आणि मग दुपारभर काही सुचेना. तुमच्या पणज्यांना पूल बांधायला कुठून कुठून आणलं होतं. पूल झाला, माणसं काठावरच राहिली. काळाभोर रंग, कुरळे केस आणि दहा घरं ऐकू जाईल असा आवाज. वरच्या वस्तीतल्या बायका तुम्हाला पाहून नाक मुरडायच्या, पण कपड्यांना इस्त्री मावशींचीच लागायची. रंगाचा कारखाना बंद पडला आणि एकेक घर उठून गेलं. तुमचंही गेलं. आता तुमच्या ओट्यावर कुणाची तरी स्कूटर उभी असते.

त्यात नव्या सभागृहाच्या भिंतीवर लावायला कमिटीला जुने चेहरे हवे आहेत. मी बाबांचे जुने फोटो मोठे करून दिले. अध्यक्षांनी ते टेबलावर पसरले आणि खूश होऊन म्हणाले, 'बघा, पहिल्यापासून किती एकसारखं गाव!' मी विचारलं, काठावरचे कुठे आहेत? ते म्हणाले, 'असतील की यातच.' आणि खरंच होते गं. गवंडीकाका होते, तुझी आत्या होती, कारखान्यातली सगळी पोरं होती. पण सगळे गोरे, सरळ नाकाचे, चापूनचोपून बसवलेल्या केसांचे. मला ओळखायला वेळ लागला, जिने ते सगळे फोटो सुकताना पाहिलेत तिला.

बाबांची ती पेन्सिल आठवते ना? निगेटिव्हवर वार्निश लावून खिडकीशी बसायचे, आणि मी शिसाला टोक काढून द्यायचे. निगेटिव्हवर जितकं काळं लावाल तितका माणूस फोटोत गोरा होतो, हे तुला काही केल्या पटायचं नाही. तू म्हणायचीस, मास्तर वेडे आहेत, काळ्याला काळं फासून गोरा करतात. बाबा दुष्ट नव्हते, हे तूही मानशील. वरच्या वस्तीतले सांगायचे, 'मास्तर, जरा उजळ काढा,' म्हणून ते करायचे. काठावरच्यांचे फोटो ते न सांगताही उजळ करायचे, वर त्याला प्रेम म्हणायचे. माणूस नटूनथटून आपल्याकडे फोटोला आलाय, तर त्याला दिसेल तसं कसं काढायचं? त्यांच्या हाताला ती सवयच लागली होती. भिंगरीचा फोटो काढला तेव्हाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

आणि तिचा तो एकच फोटो होता. बाजाराच्या दिवशी मावशी इस्त्रीचे कपडे पोचवायला गेल्या, भिंगरीला बस स्टँडच्या बाकावर गाठोड्याशी बसवून. परत आल्या तर गाठोडं होतं. बाबांनी एक पैसा न घेता दिवसभर पोस्टरं छापली, गावातल्या तरण्या पोरांनी सायकली दामटून ती रस्त्यावरच्या सगळ्या गावांत चिकटवली. तेव्हा कुणी वरचे-काठावरचे केलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे. औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर पहिलं पोस्टर लागलं, मावशी त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'ही कोण? ही माझी नाही.' लोकांना वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की नखं रुतली. मग बऱ्याच महिन्यांनी तो ट्रकवाला आपल्या स्टुडिओवर आला. पोस्टर बघून म्हणाला, त्या दिवशी घाटाखालच्या चहाच्या टपरीवर एक पोर एका बाईशेजारी रडत बसलेली पाहिली होती. 'पण ती काळी होती, कुरळ्या केसांची. ही तर गोरी आहे, म्हणून इतके दिवस बोललो नाही.' बाबा समोरच होते. त्यांच्या हातातला कप खाली पडला आणि फुटला, आणि ते तुकडे गोळा करायला वाकले ते किती तरी वेळ उठलेच नाहीत.

म्हणजे शिडे, सगळं गाव जिला शोधत होतं ती मुलगी जगात नव्हतीच. ती बाबांच्या पेन्सिलीतून निघाली होती. आणि नव्हती म्हणूनच की काय, ती काही जायला तयार नाही. हल्लीची मुलं स्टँडवरच्या त्या बाकावर बसत नाहीत. विचारलं तर सांगतात, तिथे दोन वेण्यांची गोरी मुलगी दिसते. आपल्या भिंगरीला इथे भूत व्हायचीही सोय नाही, तिथेही ती गोरी जाऊन बसली. औषधाच्या दुकानाच्या भिंतीला चुना लावला की पावसाळ्यानंतर तिचं कपाळ वर येतं. मी आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जाते.

ती निगेटिव्ह मला सापडली. बाबांनी ती वेगळ्या डबीत, कापसात ठेवली होती. टर्पेंटाइनच्या बोळ्याने मी हळूहळू वार्निश काढलं. त्याबरोबर शीसही निघत गेलं. मग अंधाऱ्या खोलीत फोटोचा कागद रसायनात सोडला. आधी केस आले, कुरळे, रिबिनीला न जुमानणारे. मग कपाळ आलं, खरं, तिच्या रंगाचं. मग डोळे. अगं, तेच डोळे, आत्ता पळेल अशा बेतातले. मी मोठ्याने 'आली!' म्हणाले, एकटीच. आणि डोळ्यांच्या खाली नाक-तोंड आलंच नाही. नाक बारीक आणि ओठ पातळ करायला बाबा पेन्सिल नव्हे, चाकू वापरायचे. पेन्सिलीचं पुसता येतं, चाकूने खरवडलेलं परत येत नाही. पेन्सिलीच्या आधाराने तिथे एक खोटं तोंड उभं होतं, तेही मीच पुसलं. आता तिथे नुसता काळा डाग आहे. तो कागद मी मावशींना पाठवणार नाही, तूही मागू नकोस.

या पाकिटात जो फोटो आहे तो तुझा आहे. भिंगरीचा फोटो काढला त्याच वर्षी मागच्या अंगणात बाबांनी मला पहिल्यांदा कॅमेऱ्याला हात लावू दिला, आणि समोर तू होतीस, ऊन तोंडावर घेऊन, दात काढून हसत. पोरीचा खेळ म्हणून बाबांनी ती निगेटिव्ह कधी हातातच घेतली नाही. सगळ्या पेट्या पालथ्या घातल्या, काठावरच्यांपैकी न पुसलेला एवढा एकच चेहरा मिळाला. मावशी तुम्हा दोघींना एकाच साच्यातल्या म्हणायच्या, एकाच ताग्यातले फ्रॉक शिवायच्या. आमच्या घराने तुमच्या घराला एकदा खोटा चेहरा दिला, आता दुसऱ्यांदा नाही देणार. म्हणून 'ही मी आहे, आई,' असं खरं सांगूनच फोटो त्यांच्या हातात ठेव. मग त्यांना बघत बसू दे. बघता बघता त्यांनी भिंगरीला हाक मारली, तर एवढंच कर, तेवढ्यापुरती तू 'ओ' दे.

तुझीच,
बुटकी