चिकटलेली नळी

१२ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

हातात ऑपरेशन करून जोडलेली नवी शीर डायलिसिसला झकास चालते, म्हणून गळ्याजवळची जुनी नळी काल काढायची होती. डॉक्टरांनी हलकेच ओढली, तर ती जागची हलेना. अडीच वर्षांत आत शिरेला चिकटली म्हणे. भाडेकरूसुद्धा इतका मुरत नाही! आता आत तशीच ठेवली तर पुन्हा जंतू होणार. गेल्या महिन्यातला थंडीताप तिचाच. दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई छाती न उघडता काढतात. काढू की राहू देऊ? तू ऑपरेशन थिएटरात तीस वर्षं नर्स होतीस, सांगशील ते करीन. विचारलं तर फोनच ठेवून दिलास, म्हणून हे पत्र.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.
तुझा धाकटा

१६ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन का ठेवला ते सांगते. बावीस वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मास्तर अशीच चिकटलेली नळी काढायला आले होते. सगळे मला सिस्टर म्हणत, ते ताई म्हणत. डॉक्टरांनी जोर लावला. मास्तर माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. मी त्यांचे खांदे दाबून म्हटलं, जरा सोसा. शीर फाटली. मास्तर गेले. डॉक्टरांना थांबा म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं रे, ते मी गिळलं. अजून भांडी घासताना मागून त्यांचा आवाज येतो आणि मी वळून बघते.

नळी काढ, पण जोराने ओढू देऊ नकोस. आतून फुग्याने सोडवणार का, एवढं त्या बाईंना विचार. हो म्हणाल्या तरच टेबलावर चढ. मी यायची नाही. थिएटरच्या दारातून माझं पाऊल आत पडत नाही. भित्री म्हण हवं तर.

जीव टांगणीला आहे, लवकर कळव.
तुझी ताई

२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निघाली! नळीतून बारीक तार घातली, तारेवरून इवलासा फुगा. तो फुगवला की नळी ताणली जाते आणि शिरेपासून सुटते. मग थोडं पुढे, पुन्हा फुगा. मी सुतार माणूस. दमटपणाने आवळलेला खण हिसकायचा नसतो, हे मला कोण शिकवणार? शेवटी बाईंनी ती दोन बोटांत धरून अलगद काढली.

एक मात्र विचित्र झालं. जागा बधिर होती, दुखत काहीच नव्हतं. तरी नळी सरकताना माझ्या तोंडून निघालं, ताई, हळू. आवाजही माझा वाटला नाही. बाईंनी लगेच हात थांबवला. मी ठीक आहे म्हणेपर्यंत त्या थांबून राहिल्या.

आता तरी नीट जेव. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा धाकटा

२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. मास्तर काय बोलले ते मी तुला लिहिलं नव्हतं. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ताई, हळू. हेच दोन शब्द होते.

या वेळी कुणीतरी थांबलं, एवढं त्यांना कळलं असेल का रे? काल भांडी घासताना मुद्दाम नळ बंद करून उभी राहिले. मागून कुणी बोललं नाही. बावीस वर्षांची सवय, ती शांतता ऐकून मला रडूच फुटलं.

रविवारी येते आहे. दार उघडशील तेव्हा मोठ्याने ताई म्हण. ती हाक मला तुझ्या आवाजात ऐकायची आहे.

लोभ ठेव, आणि घसा मोकळा ठेव.
तुझी ताई