मांडव अंगणात का

गोंदिया, ७ एप्रिल १९५७

प्रिय शामकला,

वाचनालयाचं निमंत्रण नागपूरला तुझ्या हाती पडलं असेल. चौदा तारखेला बाबासाहेबांची जयंती आणि मुख्य भाषण तुझं. कागद गुळगुळीत, भाषा त्याहून गुळगुळीत. मला तेव्हाच शंका आली. डिसेंबरात बाबासाहेब गेल्याचं कळलं, तेव्हा वाचनालय निदान अर्धा दिवस बंद ठेवा, हे सांगायला मी अध्यक्षांकडे, भातगिरणीवाल्या दुलीचंदांकडे, गेले होते. वाचकांची गैरसोय होईल म्हणाले. तेच आता फोटोला सागवानी चौकट करवून घेताहेत. चार महिन्यांत माणूस एवढा बदलत नाही. तीस वर्षं मुलींची शाळा चालवली मी. पोरगी थाप मारणार हे तिनं तोंड उघडायच्या आधी कळायचं मला.

म्हणून परवा स्वतः बघायला गेले. शिपाई खेमराज अंगणात मांडवाचे बांबू रोवत होता. एवढं मोठं दालन सोडून उन्हात कशाला, असं विचारलं, तर बाहेर हवा असते म्हणाला, तेही माझ्याकडे न बघता. गेल्या मे महिन्यात आमगावच्या कीर्तनकारांचा सत्कार झाला तो दालनातच, पंख्याखाली. तेव्हा कुणाला बाहेरची हवा आठवली नाही. खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, त्या दिवशी दालनाला कुलूप घालायचा हुकूम आहे. तुझ्या इथल्या वस्तीतली, दीक्षा घेतलेली दोनशे माणसं येणार. त्यांनी उंबरठा ओलांडू नये आणि सोहळ्याचं नाव तर व्हावं, त्यासाठी हा मांडव.

काल कार्यकारिणीच्या बैठकीत हे सगळं तोंडावर सांगितलं. सिस्टरांनी कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेली सभ्यता मी अशा वेळी घरी ठेवून जाते. दुलीचंद सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, "बाई, आम्ही अंगणात तरी बसवून राहिलो. तुम्ही शामकलाला कुठं उभं केलं होतं?"

मी तशीच उठून घरी आले. बेचाळीस साली शाळा सांभाळून वाचनालयाची पुस्तकं मीच देत असे. तू बारा वर्षांची. दर शनिवारी मागच्या खिडकीखाली उभी राहायचीस, मी आतून गजांमधून पुस्तक द्यायची, आणि नियम न मोडता एका मुलीला वाचायला लावलं म्हणून घरी जाऊन स्वतःवर खूश व्हायची. दार चार पावलांवर होतं. किल्ली माझ्याच कमरेला होती. तू येऊ नकोस, असं कळवायला हे पत्र सुरू केलं होतं. आता तसं लिहिणार नाही. दालन उघडून घेणं मला जमलेलं नाही, तरी तू ये. भाषणात त्या खिडकीचं सांग, आणि गजांच्या आत कोण उभं होतं, तिचं नाव घे. मी पहिल्या रांगेत बसलेली असेन.

तुझीच,
देवकाबाई