दुखत नाही म्हणून किरकोळ?

दादा,

आईला घेऊन इस्पितळात जात आहे. उकळतं तेल सांडल्यावर तिच्या हातावर टूथपेस्ट थापून, "दुखत नाही म्हणते, म्हणजे किरकोळ आहे," असा निकाल देऊन तू कामावर निघून गेलास.

नीट वाच. कडेचा लाल भाग दुखतो, कारण तिथली त्वचा अजून जिवंत आहे. मधला पांढरा, चामड्यासारखा भाग दुखत नाही, कारण तिथले मज्जातंतूच जळाले आहेत. जखम सर्वांत खोल तिथेच आहे. मला एक फोन करायला तुला कमीपणा का वाटला?

ती अजून तुझीच बाजू घेते आहे. तिचा चष्मा घेऊन ये. "दुखतंय का?" असं मात्र तिला विचारू नकोस. ती पुन्हा "नाही रे" म्हणेल, आणि दुर्दैवाने त्या पांढऱ्या भागापुरतं ते खरं असेल.